अंबूताईंनी न धरलेली मिनिटं

केशवापुरातल्या मेधाच्या घरी माळ्यावर एक स्वेटर आहे. एकाच बाहीचा. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिनं तो नवऱ्यासाठी विणायला घेतला, त्याला यंदा तेवीस वर्षं झाली. नवरा, म्हणजे श्रीकांत, पाटबंधारे खात्यात. तो आल्यागेल्याला सांगतो, "दुसऱ्या बाहीचं टेंडर अजून निघायचंय." स्वेटरशेजारी गवसणीतली सतार आहे, सतारीखाली कन्नड एम.ए.ची पहिल्या वर्षाची पुस्तकं आणि त्यांच्याखाली मेणबत्त्यांचे साचे. साचे मात्र एकदा वापरलेले आहेत, उगाच खोटं कशाला बोला!

तर अशा या मेधानं, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, एकोणपन्नास पूर्ण केलेल्या बाईनं, एका सकाळी उप्पीट वाढता वाढता जाहीर केलं की आपण ट्रायथलॉन करणार.

"म्हणजे काय?" श्रीकांतनं विचारलं.

"आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं. सगळं एका दमात. धारवाडचं एक सायकल मंडळ जानेवारीत नवशिक्यांसाठी छोटी घेतंय. तीनशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं. सव्वादोन तासांत संपलं पाहिजे."

"तुला पोहता येतं?"

"शिकणार आहे."

श्रीकांतनं मान वर करून माळ्याकडे पाहिलं. "जागा करून ठेवतो," तो म्हणाला.

मेधा हसली, पण या खेपेला तिला ते लागलं. थट्टा रोजचीच होती, आणि खोटीही नव्हती. म्हणून तर जास्त लागली. पन्नाशी दारात येऊन उभी राहिली आणि आपण धरलेली एक गोष्ट धड शेवटाला गेली नाही, हे तिला हल्ली भाजी निवडतानासुद्धा आठवायचं. ही एक गोष्ट वेळेत पुरी करायची, मग काय वाटेल ते होवो, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

टेबलाच्या टोकाला अंबूताई बसल्या होत्या. श्रीकांतची थोरली बहीण. वय सहासष्ट. लग्न केलं नाही, चौतीस वर्षं गणित शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या आणि पहिल्यापासून भावाकडेच राहत आल्या. त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की श्रीकांत नववीत असताना त्यांनी त्याला गणितात एका मार्कानं नापास केलं होतं. सख्ख्या भावाला! आणि निकालाच्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आवडीची शेवयाची खीर केली होती. खीर वेगळी आणि मार्क वेगळा.

"सव्वादोन तास म्हणजे एकशे पस्तीस मिनिटं," अंबूताई म्हणाल्या. "श्रीकांत, उठ. आलेखाचा कागद आण."

झालं! त्या दिवसापासून मेधाचं काही मेधाच्या हाती उरलं नाही.

रोज सकाळी साडेपाचला ती पोहण्याच्या तलावावर जायची. बरोबर शेजारचे सुधींद्र वकील. हेही नवशिकेच. डॉक्टरांनी साखर दाखवून घाबरवलं म्हणून आलेले, आणि पोट असं की पाण्यात उतरले की पातळी वाढते, असं शिकवणारा प्रभंजन म्हणायचा. तो सत्तावीस वर्षांचा मुलगा बिचारा दोघांना 'डोकं पाण्यात घाला, डोकं पाण्यात घाला' असं महिनाभर सांगत होता. मेधा डोकं सोडून बाकी सगळं पाण्यात घालायची. काठावर खुर्ची टाकून, कानाला मफलर गुंडाळून अंबूताई बसायच्या. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण म्हणून काय झालं? मेधाची एक फेरी झाली की या पिशवीतून एक चिंचोका काढून काठावर ठेवायच्या. पुऱ्या तीनशे मीटरला बारा चिंचोके लागत. पहिल्या दिवशी अर्धाच झाला.

"अर्धा चिंचोका नसतो," अंबूताई म्हणाल्या. "शून्य."

डिसेंबर लागला तेव्हा चिंचोके बारा होऊ लागले. श्रीकांतनं भाच्याची गिअरची सायकल आणून दिली आणि रविवारी स्कूटरवरून तो मागं मागं यायला लागला. तो वाटेत मिरची-भजी खायचा आणि हिला ओरडून सांगायचा, "गरम आहेत गं!" उणकल तळ्याभोवती ती पळायची, तेव्हा अंबूताई बाकावर घड्याळ धरून बसत. शाबासकी त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही. 'काल किलोमीटरला आठ मिनिटं दहा सेकंद, आज सात मिनिटं पन्नास' एवढंच त्या सांगायच्या. आणि गंमत म्हणजे मेधाला तेवढं पुरायला लागलं. सतार शिकताना कुणी असं रोज उठून बाकावर बसलं असतं, तर सतार माळ्यावर गेली नसती, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

अंबूताईंचं वेळापत्रक आलेखाच्या कागदावर तयार झालं. पोहणं चौदा मिनिटं, कपडे बदलून सायकलवर बसायला चार, सायकल अडुसष्ट, बूट बदलायला तीन, पळणं चाळीस. सायकलचा रस्ता धारवाडहून अळणावरच्या वाटेनं दहा किलोमीटर जायचा आणि तसाच परत यायचा. त्या वाटेवर पाणी आणि केळं द्यायला तीनदा माणूस हवं होतं. मंडळाचा नियम होता की आपापल्या माणसांनी मदत केली तरी चालेल. अंबूताईंनी दोन फोन केले. केळगेरीजवळ राहणारी वेदश्री ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, ती जाताना आणि येताना उभी राहणार. आणि दहा किलोमीटरवर, जिथून वळायचं, तिथं जनाबाईचं शेत. या घरी वर्षाचे तांदूळ तिच्याकडूनच यायचे. "एक केळं, एक बाटली. तीस सेकंदांच्या वर बोलायचं नाही," असं दोघींना बजावून झालं. तीन थांबे, दीड मिनिट. एकूण एकशे साडेतीस. साडेचार मिनिटं हातात राहत होती.

"यात चूक नाही," अंबूताईंनी कागदाखाली रेघ मारली. त्यांनी रेघ मारली म्हणजे नसणारच चूक.

स्पर्धेचा रविवार आला तो संक्रांतीनंतर लगेचचा. साडेसहाला शिट्टी झाली. थंडी अशी की मेधाचे दात वाजत होते, पण पाण्यात पडल्यावर डोकं आपोआप आत गेलं. बारावी फेरी संपवून ती वर आली तेव्हा काठावर अंबूताईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तेरा मिनिटं! सुधींद्र वकील अजून पाण्यातच होते आणि पाणी त्यांच्यापासून दूर पळत होतं.

सायकलवर बसल्यावर मेधाला वाटलं, हे आपणच का? वारा कानाशी, रस्ता मोकळा, पाय ऐकतायत. केळगेरीच्या पुढं वळणावर वेदश्री दिसली. नऊवारी नव्हे, पण चांगली इरकल नेसून, नथ घालून, हातात तबक घेऊन उभी होती.

तबक दिसल्या क्षणी मेधाला कळलं. संक्रांत झालेली, रथसप्तमी यायची. घराघरांत हळदीकुंकू चाललेलं. आणि अशात दारावरून जाणाऱ्या सवाष्णीच्या हातावर नुसतं केळं कोण ठेवतं हो? सांगा बघू, धारवाडात असं कोण करेल?

"बाईंनी केळं सांगितलंय, ते आहेच," वेदश्री म्हणाली. "पण उतरा की खाली, काकू. सायकलवर बसून कशी ओटी भरू?"

"अगं वेदश्री, घड्याळ लावलंय गं माझ्यावर..."

"एक मिनिट काकू, एकच!"

ओटीला नको म्हणायचं नसतं. हे मेधाला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते आईच्या दुधाबरोबर आलेलं होतं. ती उतरली. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ तोंडात गेला. पदर नव्हता, म्हणून टी-शर्टाचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली. त्यात तांदूळ पडले, सुपारी पडली, खण पडला आणि वर नारळ बसला. शिवाय संक्रांतीचं वाण म्हणून चहाची गाळणी! सायकलवाल्यांच्या त्या शर्टाला पाठीमागं तीन खिसे असतात, केळी ठेवायला. वेदश्रीनं नारळ एका खिशात कोंबला, गाळणी दुसऱ्यात, तांदूळ खणात बांधून तिसऱ्यात. तेवढ्यात सुधींद्र वकील आले, चालत्या सायकलवरूनच केळं घेतलं आणि "चालू द्या वहिनी, चालू द्या," म्हणत निघून गेले. पुरुषाची ओटी कोण भरतंय!

चार मिनिटं गेली.

मेधानं पायडल असं मारलं की पाठीतला नारळ कमरेवर बसायला लागला. घामानं कुंकू नाकावर उतरलं. होऊन गेलं, आता जनाबाईकडे पटकन निघू, ती शेतकरी बाई, तिला कुठलं एवढं सुचायला, असं ती स्वतःला समजावत होती. दहाव्या किलोमीटरला वळणावर पाहते तर रस्त्याच्या कडेला सारवून रांगोळी घातलेली, मध्ये पाट मांडलेला, आणि पाटाशेजारी हिरव्या लुगड्यात जनाबाई.

"पाच वाजल्यापासून वाट बघतोय बाई मी," जनाबाई म्हणाली. "गाडी गेली की वाटायचं, आली माझी बाई. ये, बस पाटावर."

त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघून मेधाचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला किंचाळावंसंही वाटलं. ती पाटावर बसली. हेल्मेटसकट. नव्या भाताचे तांदूळ, गुळाचा खडा, गुळेदगुड्डचा खण आणि नारळ. हा नारळ वेदश्रीच्या नारळापेक्षा दीडपट. वर जनाबाईच्या पाया पडायचं राहिलं म्हणून मेधा पुन्हा वाकली, आणि पाठीतली गाळणी खाली पडली. ती शोधण्यात आणि नारळ तांदळाच्या खिशात कोंबण्यात आणखी अर्धं मिनिट.

परतीच्या वाटेवर वेदश्री पुन्हा वळणावर होतीच. या वेळी शेजारी तिच्या सासूबाई.

"मघाशी मी पूजेला बसले होते बघा," सासूबाई म्हणाल्या. "सून भरते आणि मी राहते, बरं दिसतं का ते?"

तिसरी ओटी. तिसरा नारळ. आणखी चार मिनिटं. वेदश्रीनं गाळणी सायकलच्या दांडीला बांधून दिली आणि मोकळ्या झालेल्या खिशात तो बसला. ते तीन खिसे करणाऱ्यानं हा विचार केला असेल असं वाटत नाही, पण माप अगदी बरोबर झालं होतं.

धारवाडात सायकल लावायच्या जागी अंबूताई उभ्या होत्या. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात कागद. मेधा आली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं, मग कागद, मग पुन्हा घड्याळ. मेधानं पाठमोरी होऊन सायकल टेकवली तेव्हा त्यांना ते तीन गोळे दिसले. अंबूताईंचा चेहरा एकदम उतरला. निकालात स्वतःचा नंबर न सापडलेल्या मुलीसारखा तो झाला होता. मेधानं असा तो आजवर पाहिला नव्हता.

"ओट्या," मेधा धापा टाकत म्हणाली. "तीन."

अंबूताईंनी कागदाची घडी घातली.

"नारळ काढून ठेव!" श्रीकांत ओरडला. "इथं ठेव गं, मी सांभाळतो!"

आता कुणीही ते काढून ठेवले असते. पण मेधाच्या डोळ्यांसमोर पाच वाजल्यापासून उभी असलेली जनाबाई होती. ओटीचं असं वाटेत कुठंतरी टाकून पुढं जायचं? अर्धवट? तिला ते नको होतं. अर्धवट टाकलेलं पुष्कळ होतं घरी. "राहू दे," म्हणाली आणि बूट बदलून निघाली.

ती कशी पळाली ते तिचं तिलाच माहीत. नारळ पाठीवर धबाधब आदळत होते, तांदूळ खणातून सुटून पँटमध्ये उतरले होते. रस्त्याकडेचे लोक "ओड्रि अक्का, ओड्रि!" म्हणून, 'पळा' असं कन्नडात ओरडत होते, आणि एक पोलीस तिच्या पाठीकडे बघून हसू आवरत होता. चाळीस मिनिटांचं पळणं तिनं छत्तीसवर आणलं. शेवटच्या सातशे मीटरला अंबूताई आल्या. सहासष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, चपला हातात घेऊन, रस्त्याच्या कडेनं तिच्याबरोबर झपाझप चालत होती, जवळजवळ पळतच होती. आणि ओरडत होती, "तीन मिनिटं बारा सेकंद! तीन मिनिटं बारा सेकंदांत येतं, मेधा! येतं!"

येत नव्हतं. अंबूताईंना ते माहीत होतं. चौतीस वर्षं गणित शिकवून त्यांनी पहिल्यांदाच चुकीचं उत्तर मुद्दाम बरोबर म्हणून सांगितलं होतं.

मेधानं शेवटची रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात एकशे छत्तीस मिनिटं बावन्न सेकंद झाले होते. टेबलावरच्या मुलीनं कागदावर मेधाच्या नावापुढं लिहिलं, 'वेळेबाहेर'. सुधींद्र वकील गळ्यात पदक घालून तीन मिनिटं आधीच येऊन बसले होते, त्यांनी ते घाईघाईनं शर्टात लपवलं.

मेधा गवतावर बसली. रडू येईल असं तिला वाटत होतं. एक मिनिट बावन्न सेकंद! चिडायला तरी कुणावर चिडायचं, वेदश्रीवर? जनाबाईवर? अंबूताई टेबलाजवळ गेल्या, त्या मुलीसमोर उभ्या राहिल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नियम नियम होता. एका मार्कासाठी त्यांच्यासमोर किती आईबाप असे उभे राहून गेले होते. त्या परत आल्या आणि मेधाशेजारी गवतावर बसल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "तुझा वेळ बरोबर होता. पोहण्यात तू एक मिनिट वाचवलंस, पळण्यात चार. मी ओट्या धरल्या नाहीत. तीन ओट्यांची पावणेतेरा मिनिटं होतात. संक्रांत झालीय हेसुद्धा ठाऊक होतं, तिळगूळ मीच केला."

"अहो, असू दे की, ताई."

"असू कसं दे? डोक्यातच आलं नाही माझ्या. माझी कधी कुणी भरली असती, तर आलं असतं."

एखादं गणित कुठल्या पायरीवर चुकलं ते फळ्यावर दाखवावं, तसं त्या बोलून गेल्या. तक्रार नव्हती, की सुस्कारा नव्हता. आणि मेधाला आपल्या घरची तेवीस हळदीकुंकवं आठवली. तबकं अंबूताई लावायच्या. वाणाच्या वस्तू मोजून त्याच ठेवायच्या. बायका यायला लागल्या की त्या आत जाऊन कॉफीचं आधण ठेवायच्या, आणि त्यांना बाहेर बोलवायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं. मेधालाही नाही. एवढी वर्षं एका घरात राहून नाही! तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ते एक मिनिट बावन्न सेकंद कुठल्या कुठं गेलं.

ती उठली. पाठीमागच्या खिशातून तिनं जनाबाईचा मोठा नारळ काढला.

"ताई, उभ्या राहा. पदर पुढं करा."

"काय चाललंय तुझं? ही ओटी तुझी आहे. आणि मी..." अंबूताईंना पहिल्यांदाच वाक्य पुरं करता आलं नाही. "लोक बघतायत, मेधा."

"बघू द्या. पदर करा म्हणते ना. अर्धवट ठेवायचं नाही मला."

अंबूताई उभ्या राहिल्या. हातातलं घड्याळ कुठं ठेवावं ते त्यांना कळेना, तेव्हा श्रीकांतनं ते घेतलं. मेधानं स्वतःच्या कपाळावरचं घामानं भिजलेलं कुंकू बोटानं टिपून त्यांना लावलं. खणात उरलेले तांदूळ तीन ओंजळी घातले, गुळाचा खडा ठेवला, खण ठेवला, वर नारळ. आणि वाकून नमस्कार केला. कंबर त्या वेळी जी धरली ती चार दिवस सुटली नाही. श्रीकांतला काहीतरी चेष्टेचं बोलायचं होतं, पण बहिणीकडे बघून तो नुसताच घड्याळाला किल्ली द्यायला लागला. घड्याळ बॅटरीचं होतं.

त्यानंतर आठवडाभर अंबूताई नेहमीसारख्याच होत्या. मेधाच्या भाजीत मीठ जास्त आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. मेधा एका संध्याकाळी माळ्यावर चढून स्वेटर खाली घेऊन आली, तेव्हा श्रीकांत म्हणाला, "टेंडर निघालं वाटतं!" आणि त्यावर तिनं त्याला लोकरीचा गुंडा फेकून मारला.

रथसप्तमीच्या सकाळी अंबूताई न्याहारीला आल्या, त्या जनाबाईच्या खणाचं नवं पोलकं घालून. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी मेधाच्या ताटाशेजारी आलेखाचा नवा कागद ठेवला. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक. पोहणं तेरा, सायकल पासष्ट, पळणं छत्तीस. तीन थांबे, दर ओटीला सव्वाचार मिनिटं, सगळं अगदी सेकंदापर्यंत धरलेलं. बेरीज एकशे पस्तीसच्या आत बसत होती.

मेधानं कागद खालपर्यंत वाचला. सगळ्यात शेवटच्या ओळीत त्याच ठसठशीत मुख्याध्यापिकेच्या अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटची रेषा ओलांडल्यावर — अंबूची ओटी. हा वेळ मोजू नये.'